पाच बाटल्या पाणी

३ फेब्रुवारी

ती. मावशीस,

शि. सा. न. वि. वि. तुझा फोन पुन्हा बंद, म्हणून पत्र. मराठीत एवढं लिहायची सवय नाही. चुका दिसल्या तर हस, पण आईला दाखवू नकोस.

बातमी अशी की नदी-ओढ्यांकाठचे पाचही ग्रुप एका खोलीत बसले. खरंच बसले. लाँड्रीवाली बाई म्हणत होती की होडीवाले आजोबा असतील तर ती येणार नाही, कारण त्यांनी एकदा तिच्या कपड्यांच्या दांडीला होडी बांधली होती. मच्छीमार आणि भाजीवाल्या बायकांचं तर जुनंच वाकडं. आपल्याकडे चार ओढे आणि एक नदी, आणि प्रत्येकाला वाटतं की घाण दुसऱ्याच्याच ओढ्यातून येते. मी आपली एकच सांगत होते की घाण कारखान्यांच्या पाइपातून येते. शेवटी आजोबा म्हणाले, पोरीचा घसा बसायच्या आत हो म्हणून टाका.

आता महत्त्वाचं. कारखान्यांना दुसरी पाइपलाइन हवी आहे आणि तीही तुझ्याच ओढ्यात उघडणार आहे, तुझ्या नर्सरीच्या जरा वर. प्रदूषण खात्याचे साहेब म्हणाले की एकट्यादुकट्याची तक्रार ते घेत नाहीत. पाचही जणांनी आपापलं पाणी आणलं आणि सह्या केल्या, तर ते सगळ्यांसमोर सॅम्पल घेतील. रिपोर्ट खराब आला तर परमिशन थांबेल.

म्हणून माझी आयडिया. हॉलमध्ये टेबलावर एक मोठी काचेची बरणी ठेवायची. प्रत्येकाने आपल्या काठावरची एक बाटली भरून आणायची आणि त्यात ओतायची. काळं पाणी सगळ्यांना दिसेल, मला बोलायचीसुद्धा गरज पडणार नाही. मी बोलणार आहेच, ते सोड.

नर्सरीवाल्यांच्या वतीने तू ये. जमलं नाही तर बाटली पाठव आणि सहीचा कागदही. लोभ आहेच, तो त्या पाइपलाइनपेक्षा लांब असू दे.

तुझा भोंगा


९ फेब्रुवारी

चि. भोंग्यास,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. चुका मोजायला घेतल्या होत्या, मध्येच कंटाळा आला.

इथे बरं म्हणायचं. गुलाबाची पानं कडेने जळतात, कलमं पुन्हा गेली. तुझे काका कीड कीड करून फवारत बसतात. मी जळकी रोपं उचलून मागच्या शेडमध्ये ठेवते, पुढे गिऱ्हाइकाला दिसायला नकोत. हात दोन दिवस खाजतात, मग राहतात. मलम आहे, तू काळजी करू नकोस आणि आईला कळवू नकोस.

मला यायला जमणार नाही, रोपांना सोडून येववत नाही. बाटली आणि सही बसच्या ड्रायव्हरकडे दिली आहे. बाटली धुऊन-पुसून दिली, तोंडाला फडकं बांधलं आहे. सांडू नकोस, तुझे हात मला माहीत आहेत.

पाच जण एकत्र आले म्हणतेस, आनंद आहे. माणसं लग्नालासुद्धा एकत्र येतात गं, पण निघताना जो तो आपलीच चप्पल शोधतो. सगळ्यांसमोर काच मांडून हात दाखवून अवलक्षण होऊ नये, एवढंच वाटतं. जेवत जा. आशीर्वाद मागावे लागत नाहीत, ते आहेतच.

तुझी मावशी


१७ फेब्रुवारी

ती. मावशीस,

शि. सा. न. वि. वि. काय झालं ते कसं लिहू कळत नाही, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

हॉल भरला होता. आजोबांनी पहिली बाटली ओतली. पाणी स्वच्छ. मला वाटलं, नदीच्या त्यांच्या वळणाला बरं असेल. मग लाँड्रीवाली. तेही स्वच्छ, जरा साबणाचा वास. मच्छीमारांचं स्वच्छ, भाजीवाल्यांचं स्वच्छ. तुझी बाटली मी शेवटी दोन्ही हातांनी ओतली. बरणीतून टेबलावरचे ओरखडे दिसत होते, मावशी. आणि मी भाषणाचं पहिलं वाक्य तोपर्यंत बोलून बसले होते की हे काळं पाणी नीट बघा.

कोणीतरी हसलं. साहेब नाही हसले. त्यांनी सॅम्पल घेतलं, सील केलं, पाच सह्या तपासल्या आणि पाणी जपल्याबद्दल आमचे आभार मानले.

नंतर मी एकेकाला गाठलं. लाँड्रीवाली म्हणाली, काळ्या पाण्यात चादरी धुते असं कळलं तर कोण देईल तिला चादरी? मच्छीमारांनी नळावर भरलं होतं, मासे कोण घेणार म्हणून. भाजीवाल्यांनी ओढ्याचं भरलं, गाळलं, तरी लाज वाटली, मग घरचं भरलं. आजोबा पहाटे होडी वल्हवत पार वरच्या झऱ्यापर्यंत गेले होते. त्यांना म्हणे नदी चारचौघांत चांगली दिसायला हवी होती. आणि प्रत्येकाला वाटलं की आपली एक बाटली साफ असली म्हणून काय बिघडतं, बाकीच्या चार आहेतच की काळ्या.

भोंगा बंद पडला, असं आई म्हणते.

मावशी, तुझा ओढा तर सगळ्यांत खराब. मग तुझं पाणी कुठलं होतं? खरं सांग. रागावणार नाही. लोभ आहे तसाच आहे.

तुझा भोंगा


२८ एप्रिल

चि. भोंग्यास,

अनेक आशीर्वाद. दोन महिने उत्तर दिलं नाही. रोज कागद काढत होते आणि ठेवून देत होते.

छतावरच्या टाकीतलं होतं. पावसाचं साठवलेलं. बसचा ड्रायव्हर सगळ्या रस्त्याला ओळखतो, तो बाटली बघून काय सांगेल आणि माझी रोपं कोण नेईल, हेच डोक्यात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, मी ती झाकतच राहिले. पाइप माझ्याच डोक्यावर येणार हे तू लिहिलं होतंस. तरी झाकली.

पाइप आला. गेल्या आठवड्यात त्यातून पाणी सोडलं. दोन दिवसांत पुढची रांगसुद्धा जळाली, आता मागे न्यायला शेडमध्ये जागा नाही. काकांनी फवारणीचा पंप शेजाऱ्याला देऊन टाकला. आम्ही थोरल्या लेकाकडे राहायला जातोय, त्याचा पत्ता आईकडे आहे. तिथे गॅलरी आहे म्हणे, दोन कुंड्या मावतील.

सोबत बाटली पाठवते. ही ओढ्याचीच आहे, हाताने भरली. आता झाकायला काही उरलं नाही. उशीर झाला, माहीत आहे. रागावलीस तरी चालेल, पण पत्र टाक.

तुझी मावशी


११ मे

ती. मावशीस,

शि. सा. न. वि. वि. बाटली पोचली. ड्रायव्हरने ती लांब धरून दिली.

लगेच खात्यात घेऊन गेले. साहेबांनी बाटली अगदी नीट बघितलीसुद्धा. म्हणाले, फाइल बंद झाली आहे आणि एकट्यादुकट्याची तक्रार ते घेत नाहीत. मी बाकीच्यांना पुन्हा विचारलं. लाँड्रीवालीने मशीन घेतलंय, नळावर चालतं. भाजीवाल्या बायका आणि मच्छीमार पुन्हा एकमेकांवर ढकलतायत. आजोबा तेवढे आले, रिकाम्या हाताने. हॉलच्या पायरीवर थोडा वेळ बसलो आम्ही. होडी विकायची आहे म्हणाले, कोणी असेल तर सांग.

मी रागावले होते. खोटं कशाला सांगू? आता नाही.

तुझी बाटली माझ्या खिडकीत आहे. आई म्हणते फेकून दे, मी देत नाही. पण ठेवून दिली की गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी नितळ दिसायला लागतं, अगदी त्या बरणीतल्यासारखं. म्हणून रोज सकाळी उठले की मी आधी ती हलवते.

हाताला मलम लावत जा. लोभ ठेव.

तुझा भोंगा