उपरोक्त विषयास अनुसरून

बुधवार पेठ, सोलापूर
मे महिन्याची अखेर

प्रिय शुभदा,

पत्र बघून घाबरू नकोस. मी बरा आहे, घर जागेवर आहे आणि फोनही चालू आहे. बापानं पत्र टाकलं म्हणजे काहीतरी विपरीत घडलं असणार, असं तुझ्या मनात येणारच, म्हणून हे आधी सांगून टाकलं. पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीतल्या मुलीनं स्पीड पोस्ट करायचंय का म्हणून विचारलं. मी म्हटलं, नको बाई, साधंच जाऊ दे, इतके महिने थांबलं तर आणखी चार दिवस थांबेल. लिहायला बसलो आणि सवयीनं कागदाच्या वर 'विषय' असं लिहिलं, पुढं दोन टिंबं दिली आणि तिथंच अडकलो. शेवटी तो कागद बाजूला सारून हा नवा घेतला. विषय एकदा वर लिहिला की पहिलं वाक्य त्याला धरून यावं लागतं, आणि मला आज जरा इकडचं तिकडचं बोलत बसायचं आहे.

इकडं उन्हाचं तर विचारूच नकोस. दुपारी गल्लीत चिटपाखरू दिसत नाही. नळाला पाणी कधी येईल ते पाण्यालाच ठाऊक. ते आलं की मात्र अख्खी गल्ली हातातलं काम टाकून धावते, आणि माझ्यासारखा एकटा माणूस दोन घागरी भरून इतरांची घाई बघत दारात उभा राहतो. बुद्ध पौर्णिमेला विहारात खीर होती. सगळ्यांनी तुझी चौकशी केली. मी सांगितलं, कामाचा फार व्याप आहे तिला. पारूबाई लेकीच्या बाळंतपणासाठी मैंदर्गीला गेल्या आहेत. आई गेल्यापासून त्याच येऊन माझ्यापुरत्या भाकऱ्या थापून जायच्या. जाताना दुसरी बाई बघून देते म्हणाल्या, मीच नको म्हटलं. एका माणसाचं असं काय मोठं लागतं? तुझ्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेतला आहे. आता आवाज करत नाही. तू म्हणायचीस ना, त्या पंख्यापेक्षा बाबांचं घोरणं परवडलं.

तुला ही नोकरी लागली तो दिवस मला अजून आठवतो. अनोळखी माणसांना विक्रीचे ईमेल लिहायचे आणि तेही मराठीत, असं तू सांगितलंस तेव्हा आई म्हणाली होती, म्हणजे दारोदारच हिंडायचं, फक्त चपला झिजायच्या नाहीत. मला मात्र कोण आनंद झाला! मी जन्मभर जिल्हा परिषदेत आवक-जावकच्या टेबलाला बसलो. आलेल्या पत्राची नोंद करायची, गेलेल्या पत्राची नोंद करायची. प्रत्येक पत्रावर आधी विषय, मग संदर्भ, मग 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की'. तू लहान असताना ते वाक्य तुला तोंडपाठ होतं. आईपुढं हात जोडून म्हणायचीस, उपरोक्त विषयास अनुसरून एक लाडू देण्यात यावा. तीच तू पुण्याच्या ऑफिसात बसून विषय लिहायला लागलीस, म्हणजे आमचं घराणंच पुढं चाललं म्हणायचं!

सुरुवातीला तू संध्याकाळी फोन करून त्या दिवशीचे विषय वाचून दाखवायचीस. मी लगेच पहिलं वाक्य विचारायचो. विषयात गुडघेदुखी आणि पहिल्या वाक्यात कंपनीची स्थापना, असं तू एकदा वाचलंस तेव्हा मी म्हटलं होतं, गुडघ्याला कंपनी कशाला दाखवतेस, आधी तेल तर लाव. तू किती हसली होतीस. तुमच्या मॅडमचंही हेच म्हणणं होतं म्हणालीस. विषय वाचून माणूस दार उघडतो, मग पहिल्या वाक्यात ज्याच्यासाठी उघडलं तोच उभा दिसायला हवा, भलताच कुणी दिसला की तो दार लावून घेतो. आपलं हे चाललेलं असायचं आणि पलीकडून आई ओरडायची की आमटी गार होतेय, आता तुमचं ऑफिस बंद करा. ते दिवस फार चांगले होते गं.

मग आई गेली आणि तिचा प्रश्न तू उचललास. मी ऑफिसातून आलो की ती दारातच विचारायची, जेवलात का, की चहावरच भागवलं? मी काही बोलायच्या आत पिशवी हातात घेऊन डब्याचं वजन बघायची, त्यामुळं थापा चालायच्या नाहीत. तू पुण्याहून रोज संध्याकाळी तेच विचारायला लागलीस, फक्त पुढं 'बाबा' लावून. मी म्हणायचो, हो, जेवलो, तू? तू म्हणायचीस, हो. मग आपण फोन ठेवून द्यायचो. फोनवरून डब्याचं वजन कुठं कळतं? हळूहळू रोजचा फोन आठवड्याचा झाला, मग रविवारीही तुझं काहीतरी काम निघायला लागलं, आणि जयंतीला तू आली नाहीस. भांडण म्हणशील तर काही झालं नाही. झालं असतं तर बरं होतं, मिटवायला म्हणून तरी कुणी फोन केला असता. त्या प्रश्नाची मी अजून रोज संध्याकाळी वाट बघतो, शुभदा. तुझ्यापासून काय लपवायचं?

गेल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी चहा टाकला होता. ओट्यावरचा मोबाईल टिंग करून वाजला म्हणून सहज बघितलं. पेन्शनच्या कामासाठी तूच काढून दिलेल्या ईमेलवर काहीतरी आलं होतं आणि पडद्यावर लिहिलं होतं, 'बाबा, जेवलात का, की चहावरच भागवलं?' खरं सांगतो, मी ते ओट्यापाशी उभ्या उभ्या तीनदा वाचलं. चहा उतू गेला, गॅस विझला, मला भान नव्हतं. मी चष्मा पुसला, बाहेरच्या खोलीत येऊन खुर्चीत नीट बसलो आणि मगच ते उघडलं. पहिलं वाक्य होतं, 'आदरणीय ग्राहक, वाढत्या वयात शरीराला अधिक प्रथिनांची गरज असते.' खाली पावडरीच्या डब्याचं चित्र आणि शेजारी माझ्याच वयाचा एक हसरा माणूस. दात मात्र त्याचे सगळे शाबूत.

मला वाटलं, ऑफिसातलं काहीतरी चुकून वर चिकटलं असेल, तुझं पत्र खाली असेल. म्हणून खाली खाली जात राहिलो. चवी आल्या, सवलत आली, आणि सगळ्यात शेवटी तुमच्या ऑफिसचा पत्ता आला. तुझं काही नव्हतं. तरीपण मी उत्तर लिहिलं. लिहिलं की हो, जेवलो, ज्वारीची कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि वांग्याची भाजी होती, बऱ्याच दिवसांनी विचारलंस, फार बरं वाटलं. पाठवलं आणि लगेच टिंग! एवढ्या तातडीनं तू मला कधीच उत्तर दिलं नव्हतंस. उघडलं तर आत लिहिलेलं, हा पत्ता केवळ संदेश पाठवण्यासाठी आहे, येथे आलेली उत्तरं वाचली जात नाहीत. शुभदा, अख्खी नोकरी मी आवक-जावकला काढली, पण नुसतं जावक आहे आणि आवक नाहीच असं ऑफिस पहिल्यांदा पाहिलं.

मला राग आला. चांगलाच आला. आईचं वाक्य हिनं पावडरीच्या डब्याला चिकटवलं, ज्याला विचारायचं त्याला सोडून गावाला विचारत सुटली, असं मनातल्या मनात तुझ्याशी खूप भांडलो. आईच्या फोटोसमोर तुझी तक्रारसुद्धा केली. ती नेहमीप्रमाणं तुझ्याच बाजूनं. मग जरा शांत झाल्यावर ते पुन्हा वाचलं. खालचा मजकूर तुझा नाही, हे मी शपथेवर सांगेन. 'प्रथिनांची गरज असते' असं माझी लेक लिहिणार नाही. तुझा फक्त विषय. आणि तिथं बसून, म्हाताऱ्या माणसांना काय विचारावं, असा विचार करताना तुला हेच सुचलं, म्हणजे ते तुझ्या जिभेवर असणार. मला विचारायचं राहून गेलेलं तिथं उतरलं असेल. मी स्वतःची अशी समजूत घातली आणि ती बरीचशी पटलीही.

तेवढ्यावर मी सोडून दिलं असतं. पण परवा संध्याकाळी नेहमीसारखा खाजाभाईंच्या बाकावर जाऊन बसलो. त्यांनी आता टेम्पो चालवणं सोडलंय, कोपऱ्यावरचं पंक्चरचं दुकान त्यांचा अतीक बघतो. खाजाभाईंनी मोबाईल माझ्यापुढं धरला आणि म्हणाले, "ईश्वरभाऊ, हे बघा की. कुनीतरी इचारलंय मला. आदी वाटलं, आमच्या सनाचंच हाय." सना लग्न होऊन हैदराबादला गेली ते तुला माहीतच आहे. तिचे फोन कसे येतात ते मी विचारत नाही आणि तेही सांगत नाहीत. मी म्हटलं, अहो, जाहिरात आहे ती. तर म्हणतात, "असंना का! इचारलं तर खरं." त्यांनी पावडरीचा डबा मागवलासुद्धा. म्हणजे तुझा विषय चालला, तुझ्या मॅडमना सांग.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, ते माझ्या शुभदानं लिहिलंय. म्हणताना आवाज नको तेवढा चढला. खाजाभाईंनी एकदा मोबाईलकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि अतीकला हात पुसून बाहेर यायला लावलं. त्यालाही वाचायला लावलं. "पोरीनं लई मनापासनं लिवलंय," असं दोन-तीनदा म्हणाले. मी आपला मान हलवत होतो. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून अगदी साधेपणानं म्हणाले, "मग तुमाला तर रोज इचारत असंल की." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता गं. उलट थोडा हेवाच होता. मी त्यांच्याकडं न बघता म्हणालो, "व्हय."

ते 'व्हय' घेऊन घरी आलो आणि तेव्हापासून मला काही सुचत नाही. इतक्या वर्षांच्या बैठकीत त्या माणसाशी मी कधी खोटं बोललो नव्हतो. आता ते खरं करणं माझ्या हातात नाही, तुझ्या हातात आहे, तेवढं सांगण्यासाठी हे पत्र. ईमेलमधलं ते वाक्य काढू नकोस. कितीतरी खाजाभाई ते वाचत असतील, त्यांना बरं वाटू दे. मला फक्त तू स्वतः विचार. रोज नाही जमलं तरी चालेल. आणि या वेळी मी नेहमीसारखं 'हो, जेवलो' म्हणून तुझं तोंड बंद करणार नाही. कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि वांग्याची भाजी, त्यातलं काहीच नव्हतं. पारूबाई गेल्यापासून गॅस पेटतो तो चहापुरताच. एकट्यासाठी ताट घ्यावंसंच वाटत नाही. आजही जेवलो नाही, शुभदा.

तुझाच,
बाबा