बारा खुणांची पट्टी

६ मे १९५७, सोमवार

बाजारपेठेतल्या डॉक्टरनं आज तिसऱ्यांदा हाकललं. म्हणे हा दवाखाना आहे, बघायला काय यायचं इथं. मला डॉक्टर व्हायचंय म्हणालो तर त्याचा कंपौंडर फिदीफिदी हसला. मरू दे. एवढं काय मागितलं मी? तीन आठवडे कोपऱ्यात उभं राहू द्या, शेवटी चार ओळींचं पत्र द्या. औरंगाबादेहून सुट्टीला निघताना बायॉलॉजीच्या सरांनी बजावलं होतं, इंटरचे मार्क सगळ्यांकडंच असतात, मुलगा दवाखान्यात उभा राहिलाय असं डॉक्टराचं पत्र अर्जाला लाव. शहरातल्या पोरांचे मामे-काके डॉक्टर. माझ्या सात पिढ्यांत मेंढरं.

फॉर्म ५ जूनपर्यंत टपालात पडला पाहिजे. तीस दिवस.

८ मे, बुध.

स्टेशनापलीकडच्या लहान दवाखान्यात नवे डॉक्टर आलेत, नगरकर. आपण मुंबई राज्यात गेल्यापासून पुण्याकडचे साहेब इकडं यायलेत, त्यातले. सकाळच्या गाडीनं आमच्या पिंगळीहून निघालो तर डब्यात दादा आधीच बसलेले. बाप असून चोरासारखा. काखेत नवी कोरी घोंगडी. म्हणालो, दादा, हे न्यायचं नाही. ऐकतील तर शपथ.

डॉ. समोर दादांनी घोंगडी टेबलावरच अंथरली, कागदांवर. "सायेब, पोरगं हुशार हाय. ही आमच्या हातची हाय, ठिवून घ्या." मला वाटलं धरणीनं पोटात घ्यावं. डॉ. नी घडी घालून परत केली आणि पुढच्या रोग्याला बोलावलं. झालं, संपलं, म्हणून मी दारापर्यंत आलो.

पुढची एक म्हातारी. ताप कधीपासून? तर म्हणते, बाजाराच्या आदल्या दिसापसून. डॉ. तिच्याकडं बघायलेत, ती त्यांच्याकडं बघायलीय. मी दारातूनच बोललो, आमच्याकडं बाजार गुरुवारचा, म्हणजे मागचा बुधवार, आज आठवा दिवस. डॉ. नी चष्मा वर केला. थोड्या वेळानं म्हणाले, उद्यापासून ये.

परतीच्या गाडीत दादा खुशीत. म्हणाले, घोंगडीचा गुण. मी भांडलो नाही.

९ मे, गुरु.

डॉ. चे नियम. बघायचं. विचारल्याशिवाय रोग्यासमोर तोंड उघडायचं नाही. कशाला हात लावायचा नाही. "हात मागं बांधून उभं राहायचं. आणि पत्र शेवटच्या दिवशी, १ जूनला. आधी मागायचं नाही."

दिवसभर उभा. पाय सुजले. पण स्टेथोस्कोप लावताना डॉ. डोळे मिटतात, ते पाहिलं.

कंपौंडर करीमचाचा. निजामाच्या काळापासून इथं. पडद्याआड औषधं कालवतात, तोंडानं सारखं पुटपुटत. मी उर्दू चौथीपर्यंत शिकलो कळल्यावर त्यांनी मला स्टूल दिलं. डॉ. नसताना बसायला.

१४ मे, मंगळ.

गळू फोडलं. मेंढीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून कोकरू ओढलेला मी, आणि गळू बघून मटकन खाली बसलो. चाचांनी पाणी दिलं. लाज वाटली. पण हात सुटले नाहीत, मागंच होते. मूर्खासारखा त्याचाच अभिमान.

२१ मे, मंगळ.

रोगी घरून बाटली आणतो. चाचा औषध भरतात आणि बाटलीला बाहेरून कागदाची पट्टी चिकटवतात. पट्टीच्या कडेला कात्रीनं खाचा. एक खाच म्हणजे एक वेळचं औषध. वाचता येवो न येवो, खाच सगळ्यांना दिसते. खोकल्याच्या तपकिरी औषधाला मोठ्यांना सहा खुणा, लेकरांना बारा. त्यात अफूचा अंश आहे, डॉ. नी मुद्दाम सांगितलं.

चाचांचा हात कापतो. आज कात्री दोनदा पडली. पेन्शनला आठ महिने राहिलेत, साहेबांना कळलं तर घरी बसवतील, ही त्यांना धास्ती. मला पडद्याआड बोलावलं. "तेरे हाथां जवान हैं बेटा, तू काट दे."

कागदाला हात लावणं म्हणजे औषधाला हात लावणं नव्हे. असं मी मला सांगितलं. सात पट्ट्या कापल्या.

२७ मे, सोम.

आता सगळ्या पट्ट्या मीच कापतो. आधी घडी, मग एकदाच कात्री, उघडली की सहा खुणा सारख्या. सकाळीच वीस-पंचवीस कापून गठ्ठा करून ठेवतो, म्हणजे गर्दीत खोळंबा नको. लेकरं थोडीच येतात, त्यांच्या बारा खुणांच्या वेगळ्या. चाचा म्हणाले, तीस साल में ऐसी पट्टी नई देखी. लय बरं वाटलं.

डॉ. ना माहीत नाही. डॉ. परवा कुणाला तरी सांगत होते, पोरगा शिस्तीचा आहे.

३१ मे, शुक्र.

तोबा गर्दी. चाचा जुम्म्याच्या नमाजला गेलेले. जाताना बाटल्या भरून ओळीनं ठेवल्या आणि म्हणाले, बच्चे की बारा की पट्टी डिब्बी के नीचे रखी. मी एकटा पडद्याआड, खळ लावतोय, चिकटवतोय, हाक मारतोय. पाऊण तासात ओळ संपवली. एकही रोगी परत गेला नाही.

त्यात आपल्यातलीच एक निघाली, पारू. बिऱ्हाड हलतं, नवऱ्याची मेंढरं लोकांच्या रानात खतासाठी बसतात. दोन वर्षांचं पोर खोकून खोकून निळं पडलेलं. मला बघून तिला हायसं वाटलं, म्हणाली, आपला मानूस हाय हितं. मी तिला नीट समजावलं, सकाळी एक खूण, सांजंला एक खूण. चार माणसांत रुबाब झाला माझा.

उद्या शेवटचा दिवस. पत्र.

१ जून, शनि.

दुपारी डॉ. नी पत्र दिलं. टाइप केलेलं, खाली दस्तखत. त्यातली ओळ पाठ झालीय, 'कोणत्याही वस्तूस हात न लावता, पूर्ण शिस्तीने निरीक्षण केले.' वाचताना कान तापले. पण घडी करून खिशात घातलं.

जाता जाता चाचांचं टेबल आवरून द्यावं म्हणालो. खळीची डबी उचलली. खाली दोन पट्ट्या. बारा खुणांच्या. काल चाचांनी ठेवलेल्या, दोन्ही तशाच.

काल लेकराची बाटली एकच होती. पारूची. तिला मी गठ्ठ्यातली लावली. सहाची. म्हणजे एका खुणेला दुप्पट.

चाचांना दाखवलं तर ते स्टुलावर बसले. मग म्हणाले, पहले बच्चे को देख. डॉ. निघून गेले होते, बाहेरगावी, उद्या दुपारी येणार. रजिस्टरात पारूचा पत्ता बघितला. पिंगळीच्या पुढं दोन कोस, नदीकडचं रान. गाडीनं पिंगळीला उतरून पळतच गेलो. रानात कुणी नाही. तीन दगडांची चूल, राख, लेंड्या. बिऱ्हाड हललेलं.

घरी येऊन दादांना सगळं सांगितलं. वाटलं थोबाडीत बसेल. दादांनी एवढंच विचारलं, लेंड्या वल्या होत्या का वाळल्या? वरून वाळल्या, आत ओल्या. म्हणजे कालच हलले. मग दादा बोटावर मोजत बसले, कुणी यंदा मेंढरं बसवायला सांगून ठेवलंय, कुणाच्या विहिरीला पाणी हाय. दोन रानं ठरली. उजाडताच निघायचं. देवा, लेकराला काही होऊ देऊ नको. मला मेडिकल नको, काही नको.

(हे लिहिलं खरं. पत्र मात्र ट्रंकेत नीट ठेवलंय.)

२ जून, रवि.

पहिल्या रानात नव्हते. दुसऱ्या रानात कुत्री अंगावर आली तेव्हा जीवात जीव आला.

पारू भाकरी थापायली होती. मला बघून हसली. "औषिद लय गुनाचं निघालं बग. दोन दिस झाले, लेकरू रडलंच न्हाई."

पोर झोळीत. हलवलं, हाक मारली, गालावर मारलं. मान लुळी. श्वास चालू पण इतका सावकाश की प्रत्येकाची वाट बघावी लागत होती. डोळा उघडून बघितला, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. बाटलीवर चार खुणा उतरलेल्या.

तिला म्हणालो, डॉक्टरांनी पुन्हा दाखवायला सांगितलंय. खोटं. दादांनी पोर खांद्यावर टाकलं, पळत स्टेशन गाठलं. गाडीत मी त्याचे तळपाय चोळत होतो आणि पारू मला आशीर्वाद देत होती.

डॉ. बॅग हातात घेऊन नुकतेच उतरलेले. मी दारातच सांगून टाकलं, सहाची पट्टी लागली, बाराची हवी होती. त्यांनी बॅग खाली टाकली. मग चार तास. सुई, तळपायावर टिचक्या, काळा चहा थेंब थेंब, झोपू द्यायचं नाही. मला म्हणाले, धर त्याला, बसता कर. हात मागं घेऊ नकोस. त्या आवाजाची भीती वाटली.

चारच्या सुमाराला पोर रडलं. आधी मांजरासारखं, मग चांगलं भोकाड पसरून. मीही रडलो, लपवलं नाही. दादा भिंतीकडं तोंड करून उभे होते.

३ जून, सोम.

पोर ठीक. दूध मागतंय.

डॉ. नी दोघांना बोलावलं. "पट्टी कुणी लावली?" चाचा म्हणाले, मैं लगाया. मी म्हणालो, मी लावली. चाचा माझ्याकडं न बघता पुन्हा म्हणाले, साब, बच्चा है, मैं लगाया. मग मीच बोललो, २१ तारखेपासून सगळ्या पट्ट्या मी कापतोय, शुक्रवारी चाचा नमाजला होते. डॉ. नी चाचांना बाहेर जायला सांगितलं. त्यांचं काय होणार माहीत नाही. आठ महिने.

माझ्याकडून पत्र मागून घेतलं. त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, ही खोटी आहे. फाडलं नाही. काचेच्या वजनाखाली ठेवलं.

मग हिशेब विचारला. शुक्रवार संध्याकाळ एक, शनिवारी दोन, रविवार सकाळची आम्ही पोचलो तेव्हा द्यायची होती. तीन खुणा. चार कशा उतरल्या? मी बोटावर पुन्हा मोजलं, तीनच. म्हणाले, म्हणजे खुणाही वाकड्या कापल्यास, तिला नीट दिसल्या नसतील, एका वेळी दोन उतरल्या, दुपटीपेक्षा जास्तच गेलं पोटात. मला माझ्या घडीची खात्री होती, पण आता माझ्या खात्रीला काय किंमत.

विचारलं, "आईला सांगितलंस?" नाही म्हणालो. तिला अजून वाटतंय मी पोर वाचवलं. म्हणाले, "आधी तिला सांग. पत्राचं नंतर बघू."

पारू बाहेर ओसरीवर होती. गेलो, तिच्या पोराला खेळवलं आणि परत आलो. जमलं नाही.

४ जून, मंगळ.

सांगितलं. सकाळीच, दवाखान्याच्या मागं, निंबाखाली. ती पोराचं फडकं धूत होती. म्हणालो, पारूअक्का, रोग नव्हता तो, माझी चूक होती. मी चुकीची पट्टी लावली, त्यानं औषध दुप्पट गेलं, म्हणून पोर उठत नव्हतं. शिव्या दे, मार, काय करायचं ते कर.

ती फडकं पिळत राहिली. पिळून कोरडं झालं तरी पिळत होती. मग इकडंतिकडं बघून अगदी हळू बोलली. "म्या बी एक खून जास्तीची पाजली रं. शनवारी सांजंला. लेकरू गप निजत हुतं, मला बी चार म्हैन्यानं नीज लागली हुती."

चौथी खूण.

मग माझा हात धरला. डॉक्टरला सांगू नको, मालकाला कळलं तर मला घरात घ्यायचा न्हाई. तिचा हात ओला, थंड. हात धरूनच बसली होती, पोर मांडीवर, माझं बटण ओढत.

आत गेलो. डॉ. नी विचारलं, सांगितलंस? सांगितलं. काय म्हणाली?

दाराबाहेर ती दिसत होती. वजनाखाली पत्राचं टोक पंख्यानं फडफडत होतं. एक वाक्य बोललो असतो तर निम्मी चूक माझ्या अंगावरून उतरली असती. निम्मी नाही, पाव.

"काही नाही म्हणाली," मी म्हणालो. "चौथी खूण माझ्यामुळंच. कापणं वाकडं गेलं."

डॉ. नी पारूकडून बाटली मागवली. खिडकीशी नेऊन उजेडात धरली. टेबलावरची फूटपट्टी घेऊन एकेक खूण मोजली. सहाही सारख्या होत्या, मला माहीत होतं, आता त्यांनाही कळलं. बाटली त्यांनी पत्राशेजारी ठेवली. बाहेर ओसरीकडं बघितलं, मग माझ्याकडं, बराच वेळ.

पुढचा रोगी आत आला. मी हात मागं बांधून कोपऱ्यात उभा राहिलो, जा म्हणालेच नाहीत म्हणून. दुपारी निघताना म्हणाले, सकाळच्या गाडीनं ये.

फॉर्म भरून तयार आहे, पत्राची जागा सोडून. उद्या पाचपर्यंत टपाल.