लेक पाणी बघते

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? आमचे सगळ्यांचे गुडघे ठीक आहेत. डोकं मात्र ठिकाणावर नाही, आणि त्याला तू जबाबदार आहेस. तुझ्या भाचीला लहानपणी लिटमसचे कागद तूच आणून दिलेस. (लिंबाच्या रसात कागद लाल झाला की दोघी टाळ्या पिटायच्या. मला तेव्हाच संशय आला होता.)

केमिस्ट्री शिकलेली मुलगी औषधांच्या नाहीतर रंगाच्या कारखान्यात जाते, अशी माझी समजूत. ही गेली अणुवीज केंद्रात. तिथे काय करतेस विचारलं, तर म्हणाली, "बाबा, मी पाणी बघते." ताई, माझं आयुष्य विम्याच्या दाव्यांची चौकशी करण्यात गेलं. समोरचा इतकं थोडक्यात उत्तर देतो तेव्हा कुठेतरी पाणी मुरत असतं. इथे तर ती स्वतःच पाण्याचं नाव घेत होती! एम.एस्सी. होऊन पाणी काय बघायचं? आमच्या टाकीत कमी आहे का?

त्यात गेल्या आठवड्यात जेवायला बसलो आणि फोन आला. "बाबा, आज क्रिटिकल झाली! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या!" मागे गलका, आणि फोन बंद. कोण क्रिटिकल झाली? आणि मरणाच्या दारातल्या बाईसाठी टाळ्या वाजवणारी ही कसली माणसं? तुझी भावजय म्हणाली, उलट फोन करा. पण चौकशीची आगाऊ कल्पना दिली की पुरावे गायब होतात. पेशंटसाठी सफरचंदं घेतली आणि पहिली बस पकडली.

फाटकावरच्या पहारेकऱ्याला म्हटलं, क्रिटिकल आहे तिला भेटायचंय. म्हणाला, "आत आहे, पण भेटता येत नाही." तब्येत कशी आहे? "एकदम स्थिर." नातेवाईक कोणी आलेत का, असं विचारल्यावर मात्र तो माझ्याकडे संशयाने बघायला लागला. (संशय घेणं माझं काम, माझ्यावर कोणी घेतलेला मला खपत नाही.) शेवटी लेक हसत हसत बाहेर आली. क्रिटिकल झाली होती ती अणुभट्टी! दुरुस्तीसाठी बंद होती, ती पुन्हा सुरू झाली. आतली अणू फुटण्याची साखळी आपली आपण एकसारखी चालू राहिली की त्याला हे लोक क्रिटिकल म्हणतात. दवाखान्यात ज्या शब्दाने रडारड होते, त्याला इथे टाळ्या.

सफरचंदं कॅन्टीनमध्ये तिच्या सोबत्यांनी फस्त केली. सगळे केमिस्ट्रीवाले! एक जण इंधनाची शुद्धता तपासायचा, एक बाई घातक कचरा काचेत कायमचा कोंडण्याचं शास्त्र शिकलेली. आणि आपली पाणी बघते, कारण भट्टीतली उष्णता पाणीच वाहून नेतं आणि ते जरा अशुद्ध झालं की नळ्या आतून गंजतात. मी उलटतपासणी घेतली. छातीवरचा बिल्ला कशाला? अंगावर किती किरण पडले ते मोजायला. म्हणजे पडतात! "मोजतो म्हणूनच मर्यादेत राहतात, बाबा. काळजी करू नका." काळजी करू नका म्हणणाऱ्यांचे दावे मी जन्मभर फेटाळले. ताई, मला भीती वाटते. सरळच सांगतो.

शेवटचा उपाय म्हणून प्रवासातली घरच्या पाण्याची बाटली पुढे केली. म्हटलं, बघतेस ना पाणी? मग हे बघ. तिने झाकण उघडून वास घेतला. (बाटली पूर्वी सरबताची होती.) म्हणाली, असा नमुना चालत नाही, तपासणाऱ्याने स्वतः जाऊन, आपल्या धुतलेल्या बाटलीत घ्यायचा असतो. या उत्तरात मला एकही भोक सापडलं नाही, याचं फार वाईट वाटलं.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम राहिलंच. घराजवळच्या रंगाच्या कारखान्याने तिला नोकरीला बोलावलंय, शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय. ती तुझं ऐकते. तिला हो म्हणायला लाव. मी सांगितलं हे कळू देऊ नकोस.

ता. क. दुसरा. वरचं राहू दे. आत्ताच तिचा फोन आला, कारखान्याला नकार कळवून मोकळी झाली. आवाज इतका खुशीत होता की ओरडायचं राहून गेलं. शेजाऱ्यांनी विचारलं, मुलगी काय करते? म्हटलं, पाणी बघते. पुढे काही सांगितलं नाही. येऊ दे त्यांना संशय.

ता. क. शेवटचा. एवढंच कर. तिला सांग, बाबांच्या टाकीच्या पाण्याला वास येतोय. टाकी मी कालच धुऊन घेतली, पाणी अगदी स्वच्छ आहे. पण घर फार शांत झालंय गं, आणि नमुना तिनेच येऊन घ्यायचा असतो.