गोधडीतलं अंजीर

आई,

तुला वाकून नमस्कार. फोनवर रडू येतं, म्हणून लिहून पाठवतेय.

आम्ही मजेत आहोत. इथे श्रूजबरीत गुडघाभर बर्फ पडलाय. बाबांनी माझ्याकडून हट्टाने लावून घेतलेलं अंजीर कुंडीसकट गॅरेजमध्ये ठेवलंय. पानं सगळी गळली. तू दिलेली गोधडी त्यालाच गुंडाळली, रागावू नकोस. तुझा जावई म्हणतो, झोपलंय ते, मार्चपर्यंत काही करू नकोस.

बाबांनी डोळे उघडले का? हॉस्पिटलात तू नीट जेवतेस ना? माझा व्हिसा अडकलाय. निघाले तर परत येता येईल का, कुणीच सांगत नाही.

साल नखाने खरवडून आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत, असं बाबाच म्हणायचे. मला खरवडायचा धीर होत नाही. तरी त्यांच्या कानात सांग, आत हिरवं आहे म्हणून.

तुझी,
अनया