घड्याळवाल्यांची पाच मिनिटं

मंगळवार, ३ मार्च

पुन्हा तेच! घड्याळवाले आले, खुर्चीत बसले आणि डोळे मिटून गप्प. पाच मिनिटं! घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला वेळेची किंमत नसावी? भाऊ गेल्यापासून चार महिने झोप नाही म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला येतात, आणि इथे डोळे मिटतात. मी खाकरले, पाणी पुढे केलं, खिडकी लावली — ढिम्म! नंतर बोलले तेही मोजूनमापून. फाईलमध्ये लिहिलं : 'सहकार्य नाही. विरोध.'

बुधवार, ४ मार्च

मोठ्या मॅडमनी फाईल चाळली. "तीन सेशन झाली, प्रगती शून्य. पुढच्या वेळीही असंच झालं तर केस बंद कर. बाहेर रांग लागलीय."

नवरा भांडी विसळता विसळता म्हणाला, "अगं, पण तू त्यांना विचारलंस का, डोळे मिटून काय करता?"

नाही विचारलं! भिंतीवर दोन पदव्या — आणि काखेत कळसा, गावाला वळसा.

मंगळवार, १० मार्च

विचारलं.

"प्रार्थना करतो."

"झोपेसाठी?"

"नाही हो. तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"आमच्यात दुःख सांगण्याआधी ऐकणाऱ्यासाठी बळ मागतात. नाहीतर ओझं नुसतं या डोक्यावरून त्या डोक्यावर. आणि तुम्ही तर किती दमलेल्या असता, बाई! त्यात मध्येच खाकरता. मग मला पहिल्यापासून सुरू करावं लागतं."

हसू आवरेना. डोळेही भरून आले, लपवले नाहीत. देवाशी माझं फारसं जमत नाही. त्यांचा देव तर माझ्या ओळखीचाही नाही. तरी म्हटलं, "करा. आज खाकरणार नाही." मीही डोळे मिटले.

मग ते भावाबद्दल बोलले. तासभर! दोघं एकाच दुकानात, आणि शेवटचे आठ दिवस अबोला. हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

'विरोध' खोडून 'प्रार्थना' लिहिलं. मॅडम म्हणाल्या, "हे कुठल्या रकान्यात बसतं?" म्हटलं, "नवा काढू या!" त्या हसल्या. केस चालू.

मंगळवार, १७ मार्च

दहा वाजले, घड्याळवाले नाहीत. सव्वादहा — दोनदा दारापर्यंत जाऊन आले. गेल्या वेळी फार बोलायला लावलं का मी? काही सुचेना, तेव्हा रिकाम्या खुर्चीसमोर डोळे मिटून बसले. कुणाकडे मागायचं ठाऊक नव्हतं. मागितलं.

फोन वाजला. त्यांची सून, कुजबुजत : "बाबा रात्रीपासून झोपलेत. अजून उठले नाहीत, घोरतायत. उठवू का?"

"खबरदार!"