पाच फूट दोन इंचांचा भाऊ

५ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
दगड कापायच्या कारखान्यात बाकी ठीक. खोकला आहे, तो माझ्याआधी उठतो. पुढच्या आठवड्यात सगळ्यांची श्वासाची तपासणी आहे. नापास तो घरी, असं मुकादम म्हणाला. तू दवाखान्यात रोज लोकांना त्या नळीत फुंकायला लावतेस. एखादी युक्ती कळव. घरात कमावता मी एकटाच.
तुझा भाऊ

९ मार्च
चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.
युक्ती नाही. छाती भरून श्वास घ्यायचा आणि डोळे बाहेर येईस्तोवर सोडायचा. ताठ बस, पट्टा सैल कर, तट्ट जेवून जाऊ नकोस. तरी थोडी हवा आत उरतेच. ती फुंकून निघत नाही, ती मोजायला आमच्याकडे माणसाला आत बसवायची काचेची बंद पेटी आहे. मग यंत्र वय आणि उंची बघून ठरवतं, किती हवा यायला हवी होती. उंच माणसाकडून जास्त मागतं. तुझ्यासारख्या ताडमाडाकडून तर फारच. विडी ओढून गेलास तर तिथे येऊन कान उपटीन.
तुझी ताई

१६ मार्च
ती. ताईस,
सा. न.
पास! कारकुनाने मान वर न करता उंची विचारली, मी पाच फूट दोन सांगितली. तीन लिटर निघाले; बुटक्याच्या मानाने उत्तम. इतकी चांगली छाती वाया कशाला घालवायची, म्हणून सोमवारपासून मला आतल्या कोरड्या करवतीवर घेतलंय. तिथे धुळीत स्वतःचा हात दिसत नाही. हसलीस ना?
भाऊ

१९ मार्च
चि. भाऊस,
नाही हसले. तेच तीन लिटर तुझ्या खऱ्या पाच फूट दहाला लावले. यायला हवे होते त्याच्या जेमतेम साठ टक्के. आमचे डॉक्टर म्हणाले, फुप्फुस आखडत चाललंय. धूळ थांबली तर आहे ते टिकेल, गेलेलं येणार नाही. मुकादमाला खरं सांग. आजच. पाया पडते.
ताई

२४ मार्च
ती. ताईस,
सांगितलं. तो म्हणाला, कागदावर तू ठणठणीत आहेस, कारखाना कागदावर चालतो. काम सोडून पोरांना काय घालू? हे पत्र लिहिताना दोनदा थांबलो. लिहायला दम लागतो का ग? परवापर्यंत लागत नव्हता.
भाऊ

२७ मार्च
चि. भाऊस,
पत्राआधी मी पोचले तर हे फाडून टाक. तुला न्यायला निघाले आहे, बायकोपोरांसकट. दोन खोल्यांत कोंबून राहू. मुकादमाला काही सांगू नकोस. माझ्यावर खुशाल चीड, भांड, पण करवतीपाशी जाऊ नकोस.
लोभ वाढवायचं नंतर बघू. आधी तू राहा.
ताई