आईचं झाकलेलं ताट

ती. बाबांना साष्टांग नमस्कार. पत्र जेवायला बसण्याआधी वाचा, नंतर नको.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. दवाखान्याच्या स्वयंपाकघरातच काम, त्यामुळे उपाशी राहते म्हटलं तरी कोणी राहू देत नाही.

इथल्या डाएटिशियन बाई सारख्या सांगतात, पालेभाजीतलं लोह अंगी लागायचं तर वर लिंबू पिळावं आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नये. आईला लोहबिह कुठलं माहीत, पण लिंबू पिळल्याशिवाय तिनं तुमच्यापुढे कधी भाजी ठेवली नाही. काल पेशंटच्या ताटांवर लिंबू पिळता पिळता मी कोठीत जाऊन उभी राहिले. परत आल्यावर लाल डोळ्यांसाठी कांद्याचं नाव सांगितलं.

चक्कर येते का अजून? शेजारच्या काकूंचा फोन आला होता. त्यांच्यावर रागवू नका. म्हणाल्या, आई गेल्यापासून तुम्ही चहा-बिस्किटांवर दिवस काढता. संध्याकाळी मात्र दोघांचा स्वयंपाक करता, दोन ताटं वाढता, स्वतः दोन घास खाऊन उठता. तिचं झाकून ठेवता आणि सकाळी टाकून देता.

बाबा, तिचं ताट वाढू नका असं मी म्हणणार नाही. वाढा. फक्त टाकू नका. तुमचं झालं की तिच्या ताटातली भाजीही घ्या, लिंबू पिळून. ती असती तरी त्यातलं अर्धं तुमच्याच ताटात आलं असतं.

तुमची,
थोरली